पदराच्या तेरा चुण्या

माले, ता. मुळशी
४ जानेवारी २०२५

दया मास्तर,

अक्षर वळखलंस का? सदतीस वर्सांनी तुला लिवतोय, आन् पट्टी न लावता लिवतोय. रेघ कुटं वाकडी दिसली तर सांग. फोन करनार न्हवतो. फोनवर तू गोड बोलून मानूस घोळात घेतोस, ती तुजी जुनी खोड. पत्ता तुज्या चुलतभावानं, बहिरूनं दिला पौडच्या बाजारात.

विठ्ठलरावाची भातगिरनी आटवती ना? गिरनी आन् तिच्या मागची, मुळशी धरन बांधायच्या टायमाची दगडी गोदामं. धा वर्सं बंद व्हती. आत वटवाघळं आन् भाईर पत्त्याचा डाव. आता तितं कलादालन हुतंय. किमया म्हनून पुण्याची पोरगी सगळं बघती. दगड घासून काडले, कौलं बदलली, इंजिनाला तेलपानी करून जाग्याव ठिवलंय, नुसतं बघायला. लवळ्याच्या कालेजातली पोरं चित्रं आनून लावत्यात. एकानं गोदामात भाताच्या भुश्याचा ढीग केलाय आन् त्याला इंग्रजी नाव दिलंय. म्या म्हनलं, बाळा, हितं असले ढीग रोज व्हायचे, आमी त्यावर बसून भाकरी खायचो.

तर आईक. आतल्या भिंतीचा चुना काडताना खालून माजी पाखडनारी निघाली. तुळजाबाई! सात फूट उंच, सूप घिऊन हुबी, काल काडल्यागत. सत्त्याऐंशी सालची. विठ्ठलरावानं ती चुन्यानं पुसाय लावली म्हनून त्या म्हाताऱ्याला मी मरेस्तवर रामराम केला न्हाई, तेराव्यालाबी गेलो न्हाई. आन् ती आपली चुन्याखाली जित्ती!

पन कोपऱ्यात नाव काय हाय? ‘दया आर्ट्स, पौड.’ आपल्या पाट्या रंगवायच्या धंद्याची रीत, ज्यानं काम आनलं त्याचं नाव कोपऱ्यात. काम तू आनायचास, अक्षरं तू काडायचास, चित्रं मी. किमयाला ही रीत काय म्हाईत? तिला सांगितलं चित्र माजं हाय, तर म्हनली, “काका, काही पुरावा आहे?” पुरावा! माजे हात दावले तिला.

अक्षय्य तृतीयेला उद्घाटन हाय. भिंतीवर पाटी लागनार, चित्रकाराच्या नावाची. तू तिला दोन वळी लिव, चित्र शंभूचं म्हनून. आयुष्यात दुसरं काय मागितलं न्हाई तुज्याकडं.

शंभू ढमाले

*

संगमनेर
१९ जानेवारी २०२५

प्रिय शंभू,

पाकिटावरचं अक्षर पाहूनच कळलं. सूनबाई म्हणाली, “बाबा, हे छापलेलं आहे का हो?” खरं सांगू, मला ते आवडलं नाही. बत्तीस वर्षं मी मुलांना सुलेखन शिकवलं, पण माझ्या अक्षराला घरात असं कधी कोणी विचारलं नाही.

किमयाताईंचा फोन मला तुझ्या पत्राआधीच आला होता. फोन स्पीकरवर होता आणि शेजारी माझी नात अपूर्वा बसली होती. “दया आर्ट्स म्हणजे तुम्हीच का?” असं त्यांनी विचारलं. मी हो म्हणालो. त्यात खोटं काय? त्यांनी फोटो पाठवला. अपूर्वानं तो मोठा करून पाहिला आणि म्हणाली, “आजोबा, हे तुम्ही काढलंत?” शंभू, त्या मुलीनं माझ्याकडे आजवर असं कधी पाहिलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी शाळेत सांगूनही आली. आता मी काय करायचं?

मला वाटतं, चित्र दोघांचं म्हणूया. सूप कुठे कलतं धरायचं ते मी सुचवलं होतं, तुला आठवत असेल. खालचा मजकूर माझा. रंग माझ्या सायकलवरून आले. कोणाचा हात कुठे फिरला हे आता त्या भिंतीला तरी आठवत असेल का? आपण दोघंही साठी ओलांडलेले. नावाचा एवढा सोस बरा नव्हे.

आणि विठ्ठलरावांचं म्हणशील तर, मेलेल्या माणसावर राग धरून काय मिळणार? तो विषय सोडून दे.

गौतमीवहिनींना नमस्कार.

तुझा,
दयानंद पिंगळे

*

माले
२७ जानेवारी २०२५

दया,

सोस म्हनं! पाटीवर ज्याचं नाव येतंय त्यो दुसऱ्याला सांगतुया सोस नको म्हनून. ह्याला म्हनत्यात आपला तो बाब्या!

तुजं पत्र आलं त्याच दिवशी किमयानं मला पाटीचा मजकूर वाचून दावला. ‘चित्रकार : दयानंद पिंगळे, निवृत्त कलाशिक्षक, संगमनेर. साहाय्य : शंभू ढमाले.’ साहाय्य! म्या तुला डबे धुवून दिले काय रं? गौतमी म्हनली, जाऊ द्या, नाव तर आलं. तिच्यावर वसकन वरडलो. दोन दीस ती माज्याशी बोलली न्हाई.

जळतो मी, व्हय, जळतो! तू शिकाय गेलास, मास्तर झालास, पोरं तुला सर म्हनली. मी हितं ट्रॅक्टरच्या मागं ‘पुन्हा भेटू’ लिवत राह्यलो. फ्लेक्स आलं आन् तेबी गेलं. भरे गावच्या देवळावरचा मारुती पावसानं गेला, पौडच्या शाळेचा हत्ती भिंतीसंगट पाडला. माज्या हातचं म्हनून दावाया एक चित्र शिल्लक न्हाई ह्या तालुक्यात. ही एकच हाय. तीबी तुला पायजे?

आन् सूप कलतं धराय तू सुचवलंस? तुळजाबाई गिरनीत पाखडाय असायची, तिला बघून काडलं म्या. तुला हुबं राहून बघायचं ठावं. बरं, एक सांग. तिच्या डाव्या हाताला सुपाखालून किती बोटं दिसत्यात, आन् का? चित्र तुजं आसंल तर तुला म्हाईत आसंल. फोटो बघून सांगू नगंस, फोटोत तो कोपरा काळा आलाय. किमयानं मला दावलाय.

उत्तर लगोलग दे.

शंभू

*

संगमनेर
२० फेब्रुवारी २०२५

शंभू,

उत्तराला उशीर झाला. तब्येतीचं कारण सांगणार होतो, पण तब्येत उत्तम आहे.

तीन बोटं दिसतात. करंगळी नाही, कारण तुळजाबाईंची करंगळी इंजिनाच्या पट्ट्यात गेली होती. अंगठा सुपाच्या कडेमागे आहे. झालं समाधान?

अजून हवंय? ऐक. पदराला तेरा चुण्या आहेत, त्यातली सातवी खांद्यापाशी दुमडून आत गेली आहे. उजव्या कानामागून एक बट सुटली आहे, ती घामानं मानेला चिकटली आहे. सुपातून उडालेले दाणे एका रेषेत नाहीत, वाऱ्याच्या अंगानं जरा डावीकडे झुकले आहेत. तिची नजर दाण्यांवर नाही, कोंड्यावर आहे, कारण पाखडणारी बाई जाणाऱ्याकडे बघते. हे सगळं मला फोटो न बघता येतं. आता सांग, हे चित्र ज्याला इतकं पाठ आहे, त्याचं त्यावर काहीच नाही?

तू लिहितोस की तू जळतोस. तुला काय कारण जळायचं? तुझ्या हाताला कोणी काही शिकवलं नाही. तू बिडी विझवायचास, कुंचला उचलायचास आणि रेघ जिथे जायची तिथेच जायची. मी रात्रंदिवस घासून जे मिळवलं ते वर्गातल्या फळ्यावर पुसलं गेलं. पोरं सर म्हणाली, खरं आहे. निरोप समारंभात शाल दिली. त्यातल्या एकालाही माझं एकही चित्र आठवत नाही.

किमयाताईंना मी अजून काही लिहिलेलं नाही. अपूर्वाची शाळा उद्घाटनाला सहल आणायचं म्हणते आहे. मला थोडा वेळ दे.

दयानंद

*

माले
३ मार्च २०२५

दया,

तुजं पत्र वाचलं आन् तडक गिरनीत गेलो. शिडी मागितली. तुळजाबाईच्या पदराच्या चुण्या मोजल्या. तेरा भरल्या. सातवी खांद्यापाशी आत गेलीय.

मला म्हाईत न्हवतं, दया. माजंच चित्र, पन तेरा हायेत हे मला ठावं न्हवतं. काडनारा मोजत न्हाई, त्यो काडून मोकळा हुतो. मोजतो त्यो, ज्याला रातध्यान ते डोळ्यासमोर नाचतंय. मी शिडीवर हुबाच राह्यलो. किमया खालून म्हनली, “काका, चक्कर येतेय का?”

खाली उतारलो आन् तिला इचारलं, पोरी, चुना काडलास कसा? खरवडला आसता तर रंग निघाला आसता. ती म्हनली, लई सोपं गेलं. चुन्याखाली सरसाचा एक हात व्हता. कोमट पान्याचा बोळा फिरवला की सरस इरघळायचा आन् चुन्याचा पापुद्रा अल्लाद सुटायचा. तिला नवल वाटत व्हतं, गिरनीतल्या गड्याला हे कुटनं सुचलं म्हनून.

मला न्हाई वाटलं नवल. तेलाच्या रंगावर चुना धरत न्हाई. म्हनून आदी सरस लावायचा. ही रीत आख्ख्या मुळशीत एका मानसाची व्हती. ज्याचा बाप पौडला वह्यापुस्तकं बांधायचा, ज्याच्या घरात सरसाची किटली कायम चुलीवर असायची. तुजी पिशवी त्या वासानं घानायची. मी तुला चिडवायचो, दया, तुज्याशी लगीन करील ती पोरगी नाकाला पदर लावूनच निजंल.

विठ्ठलरावानं चुना माराय लावला, हे मला कुनी सांगितलं व्हतं? तू. “म्हाताऱ्याला बाई डोळ्यासमोर नको झालीय,” आसं म्हनलास. आन् आठ दिसांनी संगमनेरला गेलास.

म्हातारा एकदा माज्या दारात आला व्हता. सांजचा, काठी टेकत. मी आतूनच गौतमीला सांगितलं, घरात न्हाई म्हन. त्यो थोडा येळ हुबा राह्यला आन् गेला. काय बोलाय आला व्हता, दया? तुला म्हाईत हाय का?

पाटीचं आता नंतर बघू. खरं काय ते लिव.

शंभू

*

संगमनेर
३० मार्च २०२५, पाडवा

शंभू,

आज गुढी उभारली आणि हे लिहायला बसलो. चार कागद फाडले. हा पाचवा.

मीच केलं.

तुला आठवत असेल, त्या वर्षी मला कलाशिक्षकाच्या परीक्षेला बसायचं होतं. पुण्याहून एक मोठे सर आले होते, त्यांना मी मुद्दाम गिरणीत नेलं. माझी अक्षरं दाखवायला. ‘भात सडून मिळेल’ ह्या तीन शब्दांवर मी चार दिवस घालवले होते. सर आत आले आणि तुझ्या पाखडणारीसमोर उभे राहिले. किती वेळ, ते मला सांगता येणार नाही. मी तिथे आहे हेही ते विसरले. मग विचारलं, “हे कोणी केलं?” मी तुझं नाव सांगितलं, शंभू. तेवढं मात्र सांगितलं. ते म्हणाले, “त्याला घेऊन या माझ्याकडे.” जाताना माझ्या मजकुराकडे बघून म्हणाले, “अक्षरं बरी आहेत.”

तो निरोप मी तुला दिला नाही. आज देतो.

नंतर मी रोज गिरणीत जायचो आणि त्या बाईसमोर बसायचो. कशात चांगली आहे ते शोधायला. चुण्या तेव्हा मोजल्या. वाटायचं, सगळं मोजून झालं की मलाही जमेल. जमलं नाही.

तू लग्नाच्या बस्त्याला पुण्याला गेलास त्या दिवशी मी विठ्ठलरावांना सांगितलं, शंभूला हे चित्र पसंत नाही, त्याला पुसून नवीन काढायचं आहे. ते हळहळले. म्हणाले, “चांगलं होतं की रे. पण कलाकाराची मर्जी.” मी चुना मारला. वाळला आणि ती पुन्हा वर आली. परत मारला, परत आली. आधी डोळे दिसायचे. तेव्हा घरून सरस आणला. तिसऱ्या हाताला ती गेली. मी किटली धुतली आणि घरी गेलो.

विठ्ठलराव तुझ्या दारात आले असतील ते नवीन चित्राचं विचारायला. तू त्यांना टाळतोस ते नवीन चित्र द्यायचं राहिलं म्हणून लाजून, असं त्यांना वाटायचं. मला एकदा पौडच्या स्टँडवर भेटले तेव्हा म्हणाले, “शंभूला सांग, घाई नाही.” हेही मी तुला सांगितलं नाही.

तुझा माझ्याबद्दल चांगला समज होऊ नये म्हणून एक स्पष्ट लिहितो. चित्र टिकावं म्हणून मी सरस लावला नव्हता. ते कायमचं जावं म्हणून लावला होता. ते टिकलं हा माझा गुण नाही.

किमयाताईंना सगळं लिहून कळवलं आहे, प्रत सोबत आहे. माझं नाव पाटीवर कुठेच नको. अपूर्वालाही सांगितलं. ती तीन दिवस माझ्या खोलीत आली नाही. काल आली आणि विचारलं, “त्या आजोबांना तुम्ही सॉरी म्हणालात का?” मी म्हटलं, लिहितोय.

मी उद्घाटनाला येणार नाही. तोंड दाखवायला जागा नाही.

दया

*

माले
१० एप्रिल २०२५

दया,

पत्र आलं तवा मी जेवत व्हतो. वाचलं आन् ताट सरकावलं. तू समोर आसतास तर कानसुलात ठिवून दिली आसती, साठी बिटी बघितली नसती. त्या सरांचा निरोप! एक शबूद, दया. एक शबूद सांगितला आसतास तर मी कुटं आसतो? आसं चार दीस डोस्क्यात फिरत व्हतं. गौतमी म्हनली, “कुटं आसता? पुण्यात. आन् तितं कुनावर तरी जळत बसला आसता.” ही बाई कदी माज्या बाजूनं बोलत न्हाई.

पाचव्या दिशी विठ्ठलरावाच्या घरी गेलो. म्हाताऱ्याच्या फोटोला हार व्हता. सुनंनं चा केला. फोटोम्होरं हात जोडले आन् मोठ्यानं रामराम केला. सुनंला वाटलं ह्याला लागलंय काय. मग पार रडू आलं मला. त्याला घाई नव्हती म्हनं, आन् मी घरात असून न्हाई म्हनून सांगितलं. ते तुज्या खात्यावर हाय, आन् अर्दं माज्याबी. मी इचारायला पायजे व्हतं.

आता गिरनीचं. समोरच्या भिंतीवर माजी लक्ष्मी व्हती, आटवती? तुज्या तिरीमिरीतनं ती वाचली. तिला कुनी चुना लावला न्हाई. काल किमयानं ती पुसून बघितली. पंचवीस-तीस वर्सं इंजिनाचा धूर, भुसा, वर पोती टांगाय ठोकलेले खिळे. काळी ठिक्कर पडलीय, नाक बी कळत न्हाई. जिच्यावर तू जळलास तीच तेवडी राह्यली. मी दोन्ही भिंतींच्या मधी इंजिनापाशी बसलो आन् हसाय लागलो. किमया घाबारली.

तुळजाबाईला आनलं व्हतं तिच्या नातवानं खुर्चीवर बसवून. पंच्याऐंशीची हाय, दिसतं कमी. जवळ नेलं, तर भिंतीवर तीन बोटं ठिवून म्हनली, “मी एवडी देखनी व्हते व्हय? मंग त्या मेल्यानं पुसली कशापायी?” म्या सांगितलं, देखनी व्हतीस म्हनूनच.

पाटी ठरली. माज्या सांगन्यावरून किमयानं लिवलीय. ‘चित्र : शंभू ढमाले. झाकले : दयानंद पिंगळे.’ ती म्हनली, “काका, त्यांनी नाव नको म्हटलंय, कशाला द्यायचं?” म्या म्हनलं, राहू दे. तुला बरं वाटावं म्हनून न्हाई, समजलास? जो यील त्यो इचारनार, ह्या दयानंदानं का झाकलं? आन् किमयानं मला दारात स्टूल दिलंय, येनाऱ्याला म्हाईती सांगाय. मी सांगनार. सगळं सांगनार, चुण्यांसकट. अपूर्वाची शाळा आली तर तिच्या वर्गातल्या पोरींनाबी सांगनार, तिच्या आजाला हे चित्र माज्यापेक्षा जास्त पाठ हाय म्हनून.

तवा तू यायचंस. मी एकट्यानं किती सांगू?

आजून एक. लक्ष्मीची भिंत किमया पांढरी करून घेतीय. म्हनती, काका, नवं काय तरी काडा. विठ्ठलरावाचं राह्यलेलं चित्र तितं काडायचं मनात हाय, म्हातारा काठी टेकून दारात हुबा. पन माजा हात आता थरथरतो, दया. ही अक्षरं काडाय मला तीन दीस लागले. पैल्या पत्रात फुशारकी मारली, पन पट्टी लावली व्हती. आता आसा मानूस पायजे ज्याला चुण्या मोजता येत्यात.

आदल्या दिशी ये. कुंचले आन. सायकल नसंल तर यष्टीनं ये. आन् सरसाची किटली घरी ठिवून ये.

शंभू